मधल्या बाकांसाठी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चच्या समितीचे प्रमुख. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आपले फादर. डाव्या हाताला बसलेले गायनवृंदाचे संचालक, ज्यांना लहानथोर सगळे मास्तरच म्हणतात. ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडलाय त्या, इतकी वर्षं आपला ऑर्गन वाजवणाऱ्या आपल्या बाई. त्यांच्या शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेल्या त्यांच्या सूनबाई. वृंदातले माझे जुने सोबती. आणि खुर्च्यांवर, भिंतीला टेकून, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे जागा मिळाली तिथे सामावून गेलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माझं काम मानपत्र वाचण्याचं आहे. मानपत्र तयार आहे. छपाई सुबक आहे, चौकट अध्यक्षांच्या स्वतःच्या वखारीतल्या लाकडाची आहे, आणि मजकुरात 'अखंड', 'अविरत' आणि 'अथक' हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात बसवलेत. ते मी वाचणार नाही. बाईंच्या घरी भिंत आहे, आणि वाचायचा चष्मा मीच करून दिलाय. सवडीनं वाचतील. अध्यक्ष माझ्याकडे बघतायत. काळजी करू नका साहेब, लांबण लावणार नाही. म्हणजे, फार लावणार नाही.

बाईंच्या माहेरची मंडळी आज पहिल्यांदाच आपल्याकडे आलीयेत, म्हणून थोडं मागून सांगतो. बाकीच्यांनी ऐकल्यासारखं करावं.

ऑर्गन म्हटलं की पुष्कळांना पायानं भाता मारायची पेटी आठवते. ती नव्हे. आमचा ऑर्गन म्हणजे एक अख्खी भिंत आहे. मुख्य दाराच्या वर लाकडी माडी आहे आणि त्या माडीवर छतापर्यंत उभ्या केलेल्या नळ्या आहेत. काही माणसाहून उंच, काही पेन्सिलीएवढ्या. त्यांत हवा भरते आणि त्या गातात. वाजवणाऱ्यानं दोन्ही हातांनी वाजवायचं, दोन्ही पायांनी वाजवायचं, आणि मधूनच हात मोकळा करून बाजूच्या खुंट्या ओढायच्या, म्हणजे आवाजाचा रंग बदलतो. बाईंचे ऑर्गनसाठी वेगळे बूट आहेत, पातळ तळव्याचे. रविवारी पिशवीतून ते बूट नेताना पाहून माझी नात मला विचारायची, "आजोबा, बाई नाचायला जातात का?" मी म्हणायचो, जवळपास तसंच.

आता मुख्य अडचण. आमचं चर्च लांबट आहे. वृंद उभा राहतो पार पुढे, वेदीजवळ. ऑर्गन पार मागे, दारावर. मधे बाकांच्या रांगा. वाजवणाऱ्याची पाठ सगळ्यांकडे आणि तोंड नळ्यांकडे. मग मास्तरांचा हात दिसणार कसा? त्यासाठी समोर एक छोटा आरसा लावलेला असतो. पूर्वी तिथे कुठल्यातरी स्कूटरवरून उतरवलेला आरसा होता, त्यात मास्तर चिंचोळे दिसायचे. मी माझ्या चष्म्याच्या दुकानातला चांगला सपाट आरसा बसवून दिला. बाईंनी पहिल्या दिवशी बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, मास्तर एवढे जाड आहेत?"

मास्तर, ही गोष्ट तुम्हाला आज कळतेय. राग मानू नका.

तर आरशातून हात ताबडतोब दिसतो, पण आवाज चालत येतो. पुढचं गाणं माडीवर पोचेपर्यंत किंचित शिळं झालेलं असतं. आणि माडीवरचा सूर पुढे पोचेपर्यंत तोही तसाच. फरक डोळ्याची पापणी लवेल एवढाच, पण संगीतात तेवढ्यात सत्यानाश होतो. वाजवणारा जर कानावर विसंबला आणि ऐकू येणाऱ्या गाण्याबरोबर वाजवायला लागला, तर पुढच्यांना तो आणखी उशिरा ऐकू येतो. मग ते थांबतात त्याच्यासाठी. मग तो थांबतो त्यांच्यासाठी. दोन सभ्य माणसं दाराशी उभी राहून 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बसतात ना, तसं होतं.

यावर बाईंचा नियम एकच. कानावर जायचं नाही. आरशात बघायचं, हात पडला की सूर सोडायचा, आणि पुढे काय ऐकू येतं त्याची चिंता करायची नाही. मग काय होतं? पुढून निघालेलं गाणं आणि मागून निघालेला सूर बरोबर चर्चच्या मध्यावर एकमेकांना भेटतात. पुढे उभ्या असलेल्यांना ऑर्गन मागे राहिल्यासारखा वाटतो. माडीवर बसलेल्याला वृंद मागे राहिल्यासारखा वाटतो. फक्त मधल्या बाकांवर बसलेल्यांना सगळं एकत्र ऐकू येतं.

यावरून दर सरावाला भांडण. मी तेव्हा वृंदात होतो, खर्जाच्या रांगेत, त्यामुळे हे संवाद मला पाठ आहेत. मास्तर खालून ओरडायचे, "बाई, उशीर होतोय!"

वरून आवाज यायचा, "तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात, मास्तर!"

"मी संचालक आहे! मी दुसरीकडे कुठे उभा राहू?"

"मग ऐकू नका. हात हलवा."

आणि मास्तर हात हलवायचे. हे मास्तरांच्या मोठेपणाचं लक्षण आहे असं मी मानतो. कधीतरी सराव संपल्यावर मी बाईंना विचारलं होतं, "तुम्हाला स्वतःला ते एकत्र ऐकू येत नाही. मग बरोबर होतंय हे कळतं कसं?" त्या जिना उतरत होत्या. म्हणाल्या, "कळत नाही. मी मधल्या बाकांसाठी वाजवते. बरोबर होत असणार, असं धरून चालते."

विचार करा. रोज स्वयंपाक करायचा आणि चव कधीच घ्यायची नाही, असा हा प्रकार.

आता त्या मिस्सेबद्दल. आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाला दरवर्षी एक जुनी मिस्सा गायली जाते. मिस्सा म्हणजे प्रार्थनेचे ठरलेले भाग, ओळीनं संगीतात बांधलेले. ही रचना करणारा कोणी फार नावाजलेला माणूस नव्हता. स्वतः ऑर्गन वाजवायचा, आणि माझा अंदाज असा की आयुष्यभर गाणाऱ्यांना साथ करून त्याला जरा कंटाळा आला असावा. कारण पहिले चार भाग त्यानं रीतसर लिहिले, वृंद पुढे, ऑर्गन मागे. पाचव्या भागात मात्र त्यानं सगळा वृंद गप्प बसवला. फक्त एक स्त्रीचा आवाज, दोन-तीन व्हायोलिनं, आणि ऑर्गन. त्यातही सुरुवातीला नुसता ऑर्गनच. मोठा गडगडाट नाही. दोनच खुंट्या ओढून, हलक्या, बासरीसारख्या आवाजात एक साधी चाल, आणि खाली व्हायोलिनांनी बोटांनी छेडलेले ठोके. चाल अशी की पहिल्यांदा ऐकली तरी वाटतं, ही आपल्याला येत होती. मग तो आवाज सुरू होतो. शब्दांचा अर्थ एवढाच, की जो येतोय तो धन्य आहे. तेवढंच पुन्हा पुन्हा. आणि ऑर्गन त्या आवाजाला साथ करत नाही, त्याच्याशी बोलतो. कधी प्रश्न विचारतो, कधी उत्तर न ऐकताच पुढे जातो, कधी नुसता हुंकार देतो. घरात दोन माणसं काम करता करता बोलतात ना, तसं.

अलीकडे तो आवाज आपल्या औषधांच्या दुकानातल्या ताईंचा असतो. हो, त्याच त्या, ज्या तुम्हाला खोकल्याचं औषध देताना 'गाणं बंद ठेवा' असं बजावतात.

तर दरवर्षी मिस्सा व्हायची, दरवर्षी पाचवा भाग व्हायचा. आणि मग बाईंचे गुडघे गेले.

बोटं शाबूत, कान शाबूत, डोळ्यांची मी हमी देतो. गेले ते गुडघे. माडीचा जिना तुम्ही पाहिलाय, स्क्रूसारखा फिरत जातो, जाड माणूस मधे अडकेल. बाईंचा मुलगा लिफ्टचा मेकॅनिक. सगळ्या शहरातल्या इमारतींत लोकांना वरखाली नेतो, आणि त्याची आई माडीवर बसून चढायची. हो, बसून. एका पायरीवर बसायचं, वरच्या पायरीवर सरकायचं, असं करत. मुलगा जिना मोजून गेला आणि खाली येऊन म्हणाला, "आई, या जिन्यात लिफ्ट नाही, बादलीसुद्धा चढणार नाही." शेवटी डॉक्टरांनी दम भरला आणि बाईंनी समितीला कळवलं की आता बस.

समितीची बैठक याच खोलीत झाली. मी चिटणीस म्हणून होतो. अध्यक्षांनी मांडलेला विचार अगदी व्यवहाराचा होता, आणि ते इथे बसलेत म्हणून म्हणत नाही. माडीवर चढणारं कोणी नाही, नळ्यांची दुरुस्ती करणारा दुसऱ्या गावाहून बोलवावा लागतो, तेव्हा माडीला कुलूप लावावं आणि खाली वृंदाशेजारी विजेवर चालणारी एक पेटी ठेवावी. त्यांनी पेट्यांचं चित्रांचं पुस्तकही आणलं होतं. एका पेटीत म्हणे पक्ष्यांचे आवाजसुद्धा होते.

बाई म्हणाल्या, "ठेवा की पेटी. प्रार्थना होतील, लग्नं होतील. पण पाचवा भाग मग विसरा. त्या पेटीला श्वास घेता येत नाही."

फादर म्हणाले, "पण बाई, वाजवणार कोण?"

"सून वाजवेल."

सगळ्यांनी सूनबाईंकडे पाहिलं. त्या चहाचे कप गोळा करत होत्या. कप घेऊन त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई, आपलं घरी असं काही बोलणं झालं नव्हतं."

"आता होतंय ना," बाई म्हणाल्या.

सूनबाई पियानो शिकलेल्या, मुलांना शिकवतात. बोटांचा प्रश्न नव्हता. बाईंनी त्यांना माडीवर न्यायला सुरुवात केली. स्वतः बसत बसत चढायच्या, सूनबाई मागून पिशवी घेऊन. मी माझ्या घशाच्या ऑपरेशननंतर गाणं सोडलंय, पण सरावाची सवय सुटत नाही, म्हणून मधल्या बाकावर येऊन बसतो. तिथून मला वरचं सगळं ऐकू यायचं.

"मास्तरांकडे बघ."

"बघतेय."

"बघत नाहीयेस, ऐकतेयस. खांदे सांगतात. ऐकू नकोस!"

"आई, संगीत आहे हे. ऐकू नको तर काय करू?"

"घरी माझं एक ऐकत नाहीस, आणि इथे बरी सगळ्यांचं ऐकतेस!"

मंडळी, सुनेला 'कुणाचंही ऐकू नकोस' असं ओरडून सांगणारी सासू मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

पण सूनबाईंचा स्वभाव पडला ऐकून घेण्याचा. पहिल्या मोठ्या सरावाला जे झालं ते वृंदातल्यांना आठवत असेल. तिसरा भाग वेगानं सुरू झाला. सूनबाई ऐकायला लागल्या, किंचित थांबल्या. वृंद त्यांच्यासाठी किंचित थांबला. मग त्या आणखी. मग वृंद आणखी. मास्तरांचा हात पाण्यात बुडालेल्या माणसासारखा हळूहळू हलत होता. आनंदाचं गाणं होतं ते, आणि हळू होत होत असं झालं की मागच्या बाकांपाशी झाडू मारणारे काका हातातला झाडू थांबवून डोकं झुकवून उभे राहिले. त्यांना वाटलं कोणीतरी गेलं.

शेवटी ते गाणं संपलं नाही, थांबलं. वरून सूनबाईंचा आवाज आला, "माझ्यामुळे झालं का?" आणि मास्तर, ज्यांच्या तोंडून मी आयुष्यात एक गोड शब्द ऐकला नव्हता, ते म्हणाले, "नाही पोरी, आपण सगळेच जरा जास्त सभ्य आहोत."

ही बातमी अर्थात समितीपर्यंत पोचली. चित्रांचं पुस्तक पुन्हा टेबलावर आलं. तेव्हा बाईंनी अट घातली. या वर्धापनदिनाला मिस्सा सून वाजवेल. मी माडीवर जाणार नाही, खाली बसून ऐकेन. मला पटलं तर माडी तिची. नाही पटलं तर मीच तुमच्यासमोर सांगेन, लावा कुलूप. सून आहे म्हणून मी एक अक्षर खोटं बोलणार नाही, हे तुम्ही मला ओळखता.

ओळखत होतो. म्हणूनच सगळे घाबरलो.

वर्धापनदिन आला. चर्च भरलेलं. अध्यक्षांनी प्रेमानं बाईंसाठी मानाची खुर्ची ठेवली होती. अगदी पुढे, पहिल्या बाकाच्याही पुढे, मास्तरांच्या पाठीमागे, गादी घातलेली. बाईंना मधे कुठेतरी बसायचं होतं, पण अध्यक्षांनी हात धरून पुढे नेलं. आता अशा वेळी कोण नाही म्हणतं? बाई खुर्चीत बसल्या. मी माझ्या नेहमीच्या मधल्या बाकावर, कडेला.

पहिले चार भाग नीट पार पडले. वृंद मोठ्यानं गात असतो, एवढ्या आवाजात कोण मागे नि कोण पुढे हे पहिल्या रांगेत कळत नाही. मग वृंद खाली बसला. औषधवाल्या ताई एकट्या उभ्या. मास्तरांचा हात वर गेला. व्हायोलिनांनी ठोके छेडले आणि माडीवरून ती चाल सुरू झाली.

पुढचं मला नंतर बाईंनीच सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. ज्या बाईनं सगळी हयात आरशात बघून वाजवलं, 'कानावर जाऊ नकोस' म्हणून सुनेचा जीव खाल्ला, त्या बाईला पहिल्यांदाच नुसतं ऐकायला मिळालं होतं. म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि ऐकलं. आणि त्यांना काय ऐकू आलं? त्यांच्यासमोर दोन हातांवर व्हायोलिनांचा ठोका पडतोय, आणि सुनेचा सूर त्याच्या मागून, दमलेल्या माणसासारखा येतोय. प्रत्येक ठोक्याला. मागे. मागे. मागे.

अनुभवी माणसानंच करावी अशी ही चूक आहे; आपण कुठे बसलोय हेच बाई विसरल्या. आपल्याला संशयसुद्धा आला नसता.

बाईंनी डोळे उघडले आणि त्या उठल्या.

आमच्या चर्चमध्ये पाचव्या भागात कोणी खोकत नाही. आणि बाई खुर्चीचा हात धरून उठल्या, वळल्या आणि मधल्या वाटेनं दाराकडे चालू लागल्या. सगळ्यांना कळलं त्या कुठे निघाल्या. जिन्याकडे. एक पाऊल टाकायचं, बाकाचा कोपरा पकडायचा, दुसरं पाऊल टाकायचं. ताई नेमक्या त्याच वेळी गायला लागल्या, की जो येतोय तो धन्य आहे. मी कबूल करतो, मला धन्य वगैरे काही वाटलं नाही. मला कुलूप दिसत होतं. बाईंचा चेहरा मला समोरून दिसत होता आणि त्यावर राग नव्हता, मंडळी. राग असता तर बरं झालं असतं. आपल्या हातानं आपलं घर बंद करायला निघालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

माडीवरची चाल थांबली नाही. डगमगलीही नाही.

बाई अर्ध्या वाटेवर आल्या. माझ्या बाकाशी पोचल्या. कडेच्या लाकडावर त्यांचा हात पडला, माझ्या हाताशेजारी. आणि त्या थांबल्या.

मला आधी वाटलं गुडघा आखडला. मी उठायला लागलो. त्यांनी दुसऱ्या हातानं मला 'थांबा' अशी खूण केली. मान जराशी वर झाली होती. पुढून ताईंचा आवाज येत होता, मागून ऑर्गन येत होता, आणि बाई बरोबर त्या दोघांच्या मधे उभ्या होत्या. मग त्या खाली वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "हे इथे असं ऐकू येतं?"

मी म्हटलं, "असंच, बाई."

"नेहमी?"

"नेहमी."

त्या म्हणाल्या, "सरका जरा."

मी सरकलो. त्या माझ्या शेजारी बसल्या. पुढे मानाची खुर्ची रिकामी, अध्यक्ष वळून वळून बघतायत, आणि बाई मधल्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्यात. पाचवा भाग संपेपर्यंत त्यांनी डोळे पुसले नाहीत. कारण पुसायला हात हलवावा लागला असता.

सगळं संपल्यावर त्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी, मास्तर आणि अध्यक्ष मागे. सूनबाई उतरल्या, चेहरा पांढराफटक. पहिलंच वाक्य, "आई, तुम्ही उठलात ते मला आरशात दिसलं."

"दिसलं?"

"खुर्ची मास्तरांच्या मागेच होती ना. दिसणारच. तुम्ही निघालात तेव्हा वाटलं, झालं. आता वर येऊन कान धरणार."

"मग थांबली का नाहीस?"

सूनबाई म्हणाल्या, "मास्तरांचा हात थांबला नव्हता."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "ते पक्ष्यांचे आवाज असलेलं पुस्तक तुमच्याकडेच ठेवा. नातवंडांना बघायला होईल." अध्यक्षांनी त्या क्षणी जे केलं त्याबद्दल त्यांचं जाहीर कौतुक व्हायला हवं. त्यांनी खाली वाकून सूनबाईंच्या हातातली बुटांची पिशवी स्वतः उचलली.

गोष्ट इथे संपली असती. पण बाहेर पडताना, अंगणात, बाईंनी मला गाठलं. आवाज चढलेला. "एवढी वर्षं तुम्ही सगळे खाली बसताय. मला कोणी सांगितलं का नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"हेच! की हे असं ऐकू येतं!"

मी म्हटलं, "बाई, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मुलानं गाडी आणली आणि त्या गेल्या. तेव्हापासून माझं ते उत्तर डोक्यातून जात नाही. आणि खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण असं, की बाईंना कौतुक सांगायची सोयच नव्हती. तुम्ही म्हणायचात, बाई, आज काय सुंदर झालं! बाई म्हणायच्या, कसलं, डाव्या हाताची एक पट्टी चिकटत होती. तुम्ही म्हणायचात, अंगावर काटा आला. बाई म्हणायच्या, हवा गरम आहे, वरच्या नळ्या चढ्या बोलतायत. हळूहळू लोकांनी सांगणं सोडलं.

माझी पत्नी गेली तेव्हा तिला निरोप देताना बाईंनी पाचव्या भागाची ती चाल वाजवली. गाणारं कोणी नव्हतं, नुसता ऑर्गन. मी मधल्याच बाकावर होतो. नंतर मी जिन्याखाली उभा राहून म्हटलं, बाई, आभारी आहे. तर बाई मला म्हणाल्या, "माफ करा, खालची एक नळी धाप टाकत होती." मी मान डोलावली आणि घरी गेलो.

तर बाई, आज तुम्ही पाहुण्या आहात, भाषण तुमचं शेवटी आहे, आणि माइक माझ्या हातात आहे. आज मधे बोलायचं नाही. माझ्या पत्नीला निरोप दिला त्या दिवशी मधल्या बाकावर काय ऐकू आलं ते मी सांगतो.

आधी काहीच ऐकू आलं नाही. कानाच्या आधी ते बाकाला कळलं. लाकूड थरथरलं, तळहाताला जाणवलं, तेव्हा मी मान वर केली. मग ती चाल आली. मला वाटलं होतं ती मागून येईल. ती मागून आली नाही. कुठूनच आली नाही. ती तिथेच होती, माझ्या आजूबाजूला, एखाद्या खोलीत कोणीतरी आधीपासून बसलेलं असावं तशी. एकटं बसलोय असं मला वाटत होतं, ते वाटेनासं झालं. धाप टाकणारी नळी? ऐकली मी. तुम्हाला ती बिघाड वाटली. मला वाटलं, बरं झालं, माझ्याबरोबर आणखी कोणालातरी श्वास जड जातोय. तुम्ही वर पाठ करून बसला होतात, तुम्हाला मी दिसत नव्हतो, तुम्हाला जे ऐकू येत होतं ते मला ऐकू येत नव्हतं, आणि तरीही तुम्ही सूर बरोबर माझ्यापर्यंत पोचवलात. त्या आधारावर मी चर्चच्या बाहेर पायी चालत गेलो. नाहीतर मला उचलून न्यावं लागलं असतं.

हे झालं माझ्या एकट्याचं. या खोलीत बसलेल्यांत आपल्या चर्चमध्ये लग्न लागलेले आहेत, मुलांना पहिल्यांदा चर्चमध्ये आणलेले आहेत, कोणाला तरी पोचवून आलेले आहेत. त्या सगळ्यांचा एकेक मधला बाक आहे. बाहेर चहा आहे, चहाबरोबर वेळ आहे. माझी सगळ्यांना विनंती आहे, की आज हार नि शुभेच्छा जरा बाजूला ठेवा, बाईंजवळ जा, आणि तुम्हाला काय ऐकू आलं ते त्यांना सांगा. त्यांना अजून माहीत नाहीये.

अध्यक्षांनी मला अडवलं नाही, फादरांनी घड्याळ पाहिलं नाही, मास्तरांनी हात हलवला नाही, याबद्दल तिघांचे आभार. सूनबाई, तुम्हाला मी काय सांगणार? परवाच्या सरावाला तिसरा भाग एवढ्या झपाट्यात झाला की झाडूवाले काका ठेका धरून होते. तुमचेही आभार. समोरच्या सगळ्यांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. मी चष्मे विकणारा माणूस, माझ्या बोलण्यात कुणाचा मान कमीजास्त झाला असेल, कुणाची थट्टा अंगाला लागली असेल, तर मोठ्या मनानं माफ करा. चुका बऱ्याच झाल्या असतील. त्या मोजायचं काम बाईंना देऊ नका. त्या आज फक्त ऐकणार आहेत.